वेग मोजावा, मग खर्च करावा

'शंभरचे कनेक्शन घेतले, तरी व्हिडिओ कॉल अडकतो' ही तक्रार अनेक घरांत ऐकू येते. मग आपण अधिक महागडा प्लॅन घेतो. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात दरमहा २०० रुपये वाढले, तर वर्षाचे २४०० होतात. ताळेबंद न पाहता कर्ज मंजूर करू नये, तसाच मोजमापाविना हा खर्चही करू नये.

प्रथम एकक पाहू. वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा १ बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट येतात.

दुसरे, क्षमता आणि विलंब या भिन्न गोष्टी आहेत. पूर्वी बाहेरगावचे चेक टपालाने वसुलीस जात. थैली मोठी केली की अधिक चेक जात. पण रक्कम जमा होण्यास लागणारे दिवस घटत नसत. एमबीपीएस म्हणजे थैलीचा आकार. संदेशाला जाऊन येण्यास लागणारा वेळ म्हणजे विलंब. तो 'पिंग'ने मिलिसेकंदांत मोजतात. हे साधन माइक म्यूस यांनी १९८३ साली अमेरिकेत लिहिले. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. वर्धा ते मुंबई अंतर ७५० किलोमीटर धरल्यास जाण्यायेण्यात साडेसात मिलिसेकंद जाणारच. त्याहून अधिक लागणारा वेळ मुख्यतः वाटेतील वळणांचा, उपकरणांचा आणि रांगांचा असतो.

रांग घरातही लागते. नातू मोठी फाइल पाठवीत असेल, तर डॉक्टरांशी चाललेले आजीचे बोलणे तुटू शकते.

म्हणून तीन दिवस सकाळी, दुपारी व रात्री वेग आणि पिंग मोजून वहीत नोंदवावे. एकदा राउटरला केबलने जोडलेल्या संगणकावर, एकदा आतल्या खोलीत वायफायवर. मोबाइलसाठी ट्रायचे 'मायस्पीड' अ‍ॅप आहे. केबलवर आकडे चांगले आणि वायफायवर वाईट आले, तर दोष घरात आहे: राउटर मध्यभागी, उंचावर, लोखंडी कपाटापासून दूर ठेवावा. केबलवरही केवळ रात्रीच वेग पडत असेल, तर कंपनीकडे गर्दी असण्याचा संभव अधिक. नोंदींसह लेखी तक्रार करावी. केवळ फाइल पाठवतानाच अडत असेल, तर ते काम रात्री उशिरा करावे.

यानंतरही क्षमता अपुरी दिसली, तरच मोठा प्लॅन घ्यावा.