परसातली आगगाडी

मैत्रिणींनो, परसदारी काय काय लावावं यावर या पानात आपण बरेचदा बोललो. कढीपत्ता झाला, अळू झालं, गवती चहा झाला. आज आगगाडी लावायची आहे. हसू नका! आमच्याकडे ती लागली आहे आणि दोन पावसाळे टिकली आहे.

झालं काय, सासूबाई गेल्या आणि आमचे आबा, म्हणजे सासरे, अगदी मुके झाले. रेल्वेत रुळांच्या गँगचे मुकादम होते ते. आता दिवसभर पडवीत बसून राहायचे. धाकट्याच्या वाढदिवसाला बॅटरीवरची गाडी आणली होती. तिचे प्लॅस्टिकचे रूळ आठ दिवसांत मोडले. ते तुकडे हातात घेऊन आबा म्हणाले, "हे कसले रूळ? मी टाकतो." मला वाटलं, केरात टाकतो म्हणताहेत. दुपारी बघते तर परसात दोरी लावून मापं चाललेली!

खरं सांगू? माझ्या पोटात गोळाच आला. परस ते केवढं, बारा फूट बाय वीस. तिथंच धुणं, तिथंच भांडी, उन्हाळ्यात तिथंच पापड-कुरडया. मी स्पष्टच सांगितलं, वाळत घालायच्या दोरीखाली यायचं नाही आणि सासूबाईंच्या अळूला हात लावायचा नाही. आबांनी मान डोलावली.

बागेतल्या गाड्यांचा शौक परदेशात जुना आहे. जर्मनीत न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ साली 'एलजीबी' नावाच्या गाड्या काढल्या. त्यांच्या दोन रुळांत ४५ मिलिमीटर अंतर असतं. ती गाडी आणि तिचे पितळी रूळ आपल्या खिशाला झेपणारे नव्हेत. आम्ही अॅल्युमिनियमची पट्टी आणली, सुताराकडून सागवानाचे तुकडे मागून घेतले, त्यांना खाचा पाडून पट्ट्या उभ्या बसवल्या. इंजिन सेलवर चालतं, त्यामुळे रुळांत वीज सोडावी लागत नाही. पोरांच्या घरात ते बरंच.

मात्र आधी गाडीची चाकं मोजा, मग रूळ. ब्लाउज बेतताना माप आधी घेतो ना, तसं. आबांनी त्या मापाचा लाकडी ठोकळाच केला आणि दर वितीवर तो फिरवला. वळणावर माप अगदी मिलिमीटरभर ढिलं ठेवायचं. सांध्यात बारीक फट सोडायची, कारण उन्हाने धातू लांबतो. चढ पन्नास इंचाला एक इंच, त्याहून जास्त नको. वळण जेवढं मोठं घ्याल तेवढं चांगलं. आमचं चार फुटी गोलातलं होतं, तिथं डबे उलटायचे.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि पेरूपाशी घातलेला मातीचा भराव रात्रीत वाहून गेला. रूळ हवेत लोंबत होते. आबा पायरीवर डोकं धरून बसले. यांनी समजूत घातली, "अहो आबा, २०१९च्या पावसाने माथेरानची लाइन वाहून नेली, ती पुरी सुरू व्हायला २०२२चा ऑक्टोबर उजाडला. आपली काय कथा?" आबा काही बोलेनात.

मला राहवेना. म्हटलं, "आबा, पेरूपासलं पाणी धुण्याच्या दगडाकडे येतं आणि तिथून अळूत जातं. तुम्ही त्याला आडवा बांधच घातलात." "मग आधी का नाही बोललीस?" "विचारलं कुणी? बारा वर्षं झाडतेय मी हे परस."

आबा माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "दाखव." मी रांगोळीचा डबा आणला आणि पाण्याच्या वाटा काढून दिल्या. जिथं वाट आडवी येते तिथं चार इंची प्लॅस्टिकच्या पाइपाचे तुकडे पुरले. रेल्वेतही अशा वाटेला मोरीच म्हणतात, हे मला तेव्हा कळलं! मातीच्या भरावाऐवजी उथळ चर खणून चार बोटं बारीक खडी दाबून भरली. वळणं मोठी केली. तेवढ्यासाठी लाइन माझ्या दोरीखालून न्यावी लागली. तिथून न्या, असं मीच म्हटलं.

कडेला झाडं लावाल तर पुदिना नको. मी लावला होता. महिन्यात रुळांवर चढला, सगळा उपटावा लागला. ब्रह्मी लावा, ती बेताने पसरते, अधूनमधून कात्री लावली की झालं. पेरूची पानं मात्र रोज झाडावी लागतात. ते काम आता आबांकडे आहे.

दोरीवरच्या साडीचा काठ एकदा इंजिनाच्या चाकात गेला होता. तेव्हापासून गाडी सोडण्याआधी आबा स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारतात, "सूनबाई, लाइन क्लिअर?" मी हो म्हटल्याशिवाय गाडी सुटत नाही.