कासवाचें खरें घर

मुलांस प्राणी पाळण्याची हौस असते, आणि ती असावी असेंच आम्हांस वाटतें. ज्या घरांत मुक्या जीवाची चाकरी करण्याची संवय मुलांस लागते, त्या घरांत दयाबुद्धि निराळी शिकवावी लागत नाहीं. परंतु अलीकडे पुष्कळ घरांतून कुत्र्यामांजरांऐवजीं कासव आणण्याची प्रथा पडली आहे. कासव भुंकत नाहीं, ओरबाडत नाहीं, त्यास फिरावयास न्यावें लागत नाहीं. कोपऱ्यांतील कांचेच्या भांड्यांत तें गुपचूप पडून असतें. म्हणून शहरांतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडास हा प्राणी फार सोईचा, असा सार्वत्रिक समज आहे. हा समज आम्हांस अगदीं चुकीचा वाटतो. आणि तो कां चुकीचा, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कुत्रा उपाशी राहिला तर ओरडतो, गाय दावें ओढते. कासवाजवळ तक्रार सांगण्याचें तसें साधन नाहीं. शिवाय त्याचा जीव चिवट. अयोग्य जागीं ठेवलें तरी तें आठ दिवसांत मरत नाहीं. महिनेच्या महिने, कधीं कधीं वर्षेंच्या वर्षें झिजत राहतें, आणि पाहणारास मात्र तें 'शांत' वाटतें. याचें कारण त्याच्या देहरचनेंत आहे. आपलें शरीर अन्नापासून स्वतःची ऊब स्वतः उत्पन्न करतें; कासवास ती शक्ति फारशी नाहीं. ऊन, तापलेली माती, झुडुपाची सावली आणि पाणी यांच्या आधारानें तें आपल्या अंगाची उष्णता कमीअधिक करतें. पुरेशी ऊब मिळाली नाहीं तर खाल्लेलें अन्नहि त्यास नीट पचत नाहीं. तेव्हां मनुष्यास घर हा केवळ निवारा आहे, पण कासवास त्याची जागा म्हणजे त्याच्या देहाचा अर्धा भागच होय. म्हणून आम्ही म्हणतों कीं, कासव पाळणें म्हणजे प्रथम त्याची जागा पाळणें.

ही गोष्ट अठराव्या शतकांत गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज धर्मोपदेशकानें फार बारकाईनें पाहिली. इंग्लंडांतील सेलबोर्न गांवीं राहणाऱ्या या सद्गृहस्थांस १७८० सालीं आपल्या आत्याचें टिमथी नांवाचें कासव मिळालें. तें जातीनें भूमध्य समुद्राकडील. व्हाइट यांनीं त्यास पेटींत कोंडलें नाहीं. बागेंत मोकळें ठेवलें आणि त्याच्या वागणुकीच्या नोंदी केल्या. थंडी सुरू झाली कीं तें स्वतःच माती उकरून भूमींत शिरे व वसंत ऋतूंत बाहेर येई. पाऊस येऊं लागला कीं आडोसा शोधी. शरद ऋतूंतील मंद ऊन अंगावर अधिक पडावें म्हणून भिंतीशीं टेकून कवच तिरपें करी. १७८९ त प्रसिद्ध झालेल्या सेलबोर्नच्या निसर्गेतिहासाच्या ग्रंथामुळें टिमथीचें नांव अजरामर झालें. १७९४ च्या सुमारास तें कासव मेलें व त्याचें कवच आज लंडनच्या संग्रहालयांत आहे. मौज अशी कीं, ज्यास सर्वजण नर समजत होते ती मादी होती, हें मागाहून त्या कवचावरून कळलें! एवढ्या डोळस पुरुषासहि जें मुकें जनावर आपलें सर्व गुह्य सांगूं शकलें नाहीं, तें आपणांस आपलें दुखणें आपण होऊन सांगेल, अशी आशा कोणीं धरावी?

मराठींत जमिनीवरील व पाण्यांतील अशा दोहोंसहि आपण कासवच म्हणतों. पण त्यांचीं घरें अगदीं भिन्न. जमिनीवरील कासवास हिंडावयास कोरडी भूमि, उकरावयास माती, दडावयास झुडूप, पिण्यास उथळ पाणी, आणि आहारास गवत, पाला व फुलें हवींत. पोळी, दूधभात व बिस्किटें हें त्याचें अन्न नव्हे. पाण्यांतील कासवास पोहण्यापुरतें खोल व स्वच्छ पाणी हवें आणि अंग पूर्ण कोरडें करून ऊन खाण्यासाठीं एक दगडहि हवा. दोघांसहि प्रत्यक्ष सूर्यप्रकाश अवश्य आहे. सूर्याच्या जंबुपार, म्हणजे ज्यांस आज अतिनील म्हणतात त्या, किरणांनीं कासवाच्या अंगांत 'ड' जीवनसत्त्व तयार होतें आणि त्याच्या साहाय्यानें अन्नांतील चुना हाडांत व कवचांत जिरतो. खिडकीच्या कांचेंतून उजेड येतो, ऊबहि येते. परंतु हे उपयोगी किरण बहुतेक बाहेरच राहतात. मग कवच मऊ पडतें, वेडेंवांकडें वाढतें, पाय अधू होतात. डोळे सुजणें, नाकांतून बुडबुडे येणें, पोहतांना एका कुशीवर कलणें, हीं सर्व रोगाचीं लक्षणें होत. तीं दिसतांच जनावरांच्या डॉक्टरकडे गेलें पाहिजे.

आतां दुकानांतून जें इवलेंसें हिरवें कासव मुलें घरीं आणतात, त्याचा विचार करूं. त्याच्या डोळ्यामागें तांबडा पट्टा असतो व त्याची मूळ भूमि अमेरिकेंतील मिसिसिपी नदीचें खोरें होय. आणतांना तें तळहातावर मावतें. परंतु पुढें त्याचें कवच वीतभर, कधीं त्याहूनहि मोठें होतें, आणि वीसतीस वर्षें तें सहज जगतें. म्हणजे पांचवींतील मुलानें आणलेलें कासव त्या मुलाच्या लग्नानंतरहि घरांत असणार! त्याच्या अंगावर साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात. लहान मुलांस त्यांची बाधा होऊं लागल्यामुळें अमेरिकेंत चार इंचांहून लहान कासवें विकण्यास १९७५ मध्यें बंदी घालण्यांत आली. कासवास हात लावल्यावर साबणानें हात धुवावे, हें आमच्या बालवाचकांनीं विसरूं नये. पुढें पाणी बदलण्याचा कंटाळा आला कीं लोक हें कासव जवळच्या तळ्यांत सोडतात व आपण पुण्य केलें असें मानतात. वस्तुतः तेथें तें आपल्या देशी कासवांचें अन्न व ऊन्हाची जागा बळकावूं लागतें. हें दान नव्हे. आपलें ओझें दुसऱ्याच्या दारीं टाकणें होय.

कोणी म्हणतील, "परदेशी नको, देशी पाळूं, शिवाय कासव घरांत असलें कीं लक्ष्मी नांदते." ज्याच्या पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतात, त्या तारांकित कासवावर या समजुतीनेंच संकट ओढवलें आहे. तें कोरड्या माळांत व काटेरी झुडुपांत राहणारें. त्यास फरशीवर ठेवून कोणती लक्ष्मी येणार? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं तें घरीं ठेवणें हा गुन्हा आहे, आणि २०१९ मध्यें त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरहि अत्यंत कडक निर्बंध आले. कोणाच्या घरीं तें असल्यास वनखात्याच्या स्वाधीन करावें; आपण होऊन रानांत सोडूं नये, कारण कोणतें कासव कोठलें, व त्यास कांहीं रोग आहे कीं काय, हें जाणत्यांनींच ठरवावयाचें असतें. ज्यांच्या घरीं परदेशी कासव आधींच आहे, त्यांनीं मात्र कांचेचें भांडें टाकून मोठी हौदी, कोरडा दगड व रोजचें ऊन यांची सोय करावी आणि शेवटपर्यंत त्याचा सांभाळ करावा. नवें विकत आणूं नये.

तर मग मुलांनीं कासवावर प्रेम करूंच नये काय? अवश्य करावें. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ च्या सुमारास सागरी कासवांच्या रक्षणाचें कार्य आरंभिलें. तेथील ग्रामस्थ अंडीं सुरक्षित जागीं वाळूंत ठेवतात व पिलें बाहेर आलीं कीं त्यांस समुद्राकडे जाऊं देतात. त्यांतील एकहि पिलूं कोणी घरीं नेत नाहीं. तरी त्या लोकांइतकें कासवावर प्रेम करणारे विरळाच. प्रेमाची खूण मालकी ही नसून काळजी ही आहे. परमेश्वरानें प्रत्येक जीवास त्याचें स्थान नेमून दिलें आहे. तें आपणांस देतां येत असेल तरच पाळण्याचें नांव घ्यावें. येत नसेल तर निदान आहे तें हिरावून घेऊं नये. आमच्या विद्यार्थ्यांनीं येत्या सुटींत दुकानांतील भांड्यापेक्षां गांवच्या तळ्याचा कांठ अधिक वेळ पाहावा, एवढेंच आमचें मागणें आहे.