मूत्रपिंडातील गाठ आणि शस्त्रक्रियेची घाई
सोनोग्राफीत मूत्रपिंडावर अचानक आढळणारी प्रत्येक घन गाठ कर्करोगाची नसते. ४ सेंटिमीटरपेक्षा लहान ज्या गाठी शस्त्रक्रियेने काढल्या जातात, त्यांपैकी साधारण पाचातली एक सौम्य, म्हणजे इतरत्र न पसरणारी, निघते. रक्तवाहिन्या, स्नायू व चरबी यांची बनलेली अँजिओमायोलिपोमा ही सौम्य गाठ सीटी स्कॅनमध्ये चरबीच्या काळपट छटेवरून बहुधा ओळखू येते, मात्र ती मोठी झाल्यास आतल्या कमकुवत रक्तवाहिन्या फुटून गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. खरी अडचण ऑन्कोसायटोमा या दुसऱ्या सौम्य गाठीची आहे, कारण तिच्या मध्यभागी दिसणारा ताऱ्यासारखा व्रण काही कर्करोगांतही दिसतो. अशा लहान, संदिग्ध गाठीसाठी बायोप्सीचा, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासण्याचा, पर्याय तज्ज्ञांनी रुग्णापुढे ठेवलाच पाहिजे. संपूर्ण मूत्रपिंड काढण्याची घाई समर्थनीय नाही.