तबकडीवरचा आरोप

ज्यांच्या घरी ध्वनिमुद्रिकांचा संग्रह वडिलार्जित चालत आला आहे, आणि ज्यांनी अलीकडे नव्या हौसेने टर्नटेबल घेऊन लाँगप्ले तबकड्या जमविण्यास आरंभ केला आहे, अशा दोन्ही प्रकारच्या रसिकांची एक तक्रार समान असते : गाण्याच्या मागे काहीतरी घुमते, खरखरते किंवा टिकटिकते. तक्रार खरी असते; परंतु तिची शहानिशा होण्यापूर्वीच तबकडीला अपराधी ठरविले जाते आणि पुष्कळदा सबंध संग्रहाची रवानगी रद्दीवाल्याकडे होते. हा न्याय नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम त्या सतत घुमणाऱ्या आवाजाचा विचार करू, कारण सर्वांत अधिक उपद्रव त्याचाच. सुईमागच्या चुंबकीय कार्ट्रिजमधून निघणारा विद्युत्संकेत जेमतेम 5 मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टाचा दोनशेवा हिस्सा, इतका क्षीण असतो. शिवाय खाच फार रुंद होऊ नये म्हणून तबकडी कापताना खर्जाकडील ध्वनी मुद्दाम दाबलेले असतात, आणि ते वाजविताना पुन्हा उचलून धरावे लागतात. 1954च्या सुमारास रूढ झालेल्या आर.आय.ए.ए. प्रमाणानुसार 50 हर्ट्झचा ध्वनी 1000 हर्ट्झच्या ध्वनीच्या मानाने सुमारे सातपट वाढविला जातो. आपल्या घरातील वीजही नेमकी 50 हर्ट्झचीच असल्यामुळे तिचा जो अंश तारांत शिरतो, तो त्याच प्रमाणात वाढून आपल्या कानी येतो.

पाश्चात्य वाद्यवृंदाच्या गजरात हा घुमारा एक वेळ लपून जाईल. आपल्या गायनात त्याला लपावयास जागाच नाही. विलंबित आलापीत दोन स्वरावलींच्या मध्ये जो अवकाश गवई राखतो, तेथे केवळ तंबोरा बोलत असतो, आणि नेमका तेथेच हा दुसरा, परका तंबोरा सुरू होतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मंद्र षड्ज सुमारे 69 हर्ट्झवर येतो. विजेच्या घुमाऱ्यात 50 हर्ट्झबरोबर जो 100 हर्ट्झचा ध्वनी मिसळलेला असतो, तो त्या षड्जाच्या हिशेबाने तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधोमध कोठेतरी, तीव्र मध्यमाच्या किंचित वर, लोंबकळत राहतो. शुद्ध पंचमाला धरून चाललेल्या रागाची यापेक्षा अधिक हानी कोणती खरखर करू शकेल?

यास्तव चौकशी पद्धतशीर झाली पाहिजे, आणि तिला एक कवडीही खर्च येत नाही. सुई तबकडीवरून उचलून आवाज वाढवावा. घुमारा कायम राहिला, तर तबकडी निर्दोष आहे आणि दोष विजेच्या मार्गात आहे. टर्नटेबलमधून निघणारी बारीक अर्थ वायर ॲम्प्लिफायरच्या मागील ग्राउंडच्या स्क्रूला घट्ट बसली आहे काय, हे मग पाहावे. समुद्राकाठच्या दमट हवेत ही टोके हिरवी पडतात आणि स्पर्श असूनही संबंध तुटतो. एकाच स्पीकरमधून घुमत असेल, तर कार्ट्रिजच्या मागील चार रंगीत तारांपैकी एखादी सुटली असण्याचा संभव मोठा. आर्म आतील लेबलाकडे सरकताना घुमारा वाढत असेल, तर मोटर किंवा शेजारचा ट्रान्सफॉर्मर संशयित धरावा. केबल टीव्हीची वायर ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचत असेल, तर ती काढून ऐकावे. दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळे असे घुमारे वारंवार उद्भवतात, आणि सर्व उपकरणे एकाच बोर्डावर घेतल्याने ते बहुधा शमतात.

येथे एका घातक प्रथेविषयी कळकळीने सांगितले पाहिजे. थ्री-पिन प्लगची मोठी पिन काढून टाकली की घुमारा जातो, असा सल्ला काही दुकानदार व कारागीर सर्रास देतात. घुमारा कधीकधी जातोही. परंतु त्याबरोबर मनुष्याच्या जीविताचे संरक्षणही जाते. जुन्या इमारतींत जेथे अर्थिंगच नाही, तेथे ते रीतसर करवून घेणे हाच एकमेव इलाज होय.

सुई खाचेत असतानाच जो आवाज येतो, त्याची जबाबदारी मात्र तबकडी, सुई आणि मोटर यांच्यात वाटली जाते. टिकटिक दर 1.8 सेकंदांनी नियमित येत असेल, तर तो लाँगप्लेवरील ओरखडा, कारण 33⅓ फेऱ्यांच्या गतीत एक फेरी तेवढ्याच वेळात पुरी होते. अनियमित चटचट ही धूळ, बुरशी किंवा स्थिर विद्युत् यांची असते, आणि ती धुण्याने कमी होते. 78 फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल कदापि लावू नये; लाख त्यात विरघळते. त्यांची खाचही रुंद असते. लाँगप्लेच्या सुमारे 18 मायक्रॉनच्या सुईने ती वाजविली, तर सुई खाचेच्या तळाशी घासत जाते, आणि जी खरखर ऐकू येते ती बव्हंशी त्या विजोड सुईची असते; तेथे सुमारे 75 मायक्रॉनची सुई हवी.

संगणकावर आवाज स्वच्छ करून घेण्याचा मार्ग आज सुलभ झाला आहे. त्याला माझा सरसकट विरोध नाही, पण तो शेवटचा उपाय असावा. खर्जाकडील घुमारा सरसकट छाटताना डग्ग्याची घुमक आणि तंबोऱ्याचा खर्जही छाटला जातो, आणि एकदा त्या प्रतीवर विसंबून मूळ तबकडी विकून टाकली की गेलेले परत मिळत नाही.

घरोघरी पडून असलेल्या या तबकड्यांतील पुष्कळ गाणी नव्या माध्यमांत कधीच आलेली नाहीत. तेव्हा ज्यांच्याकडे असा संग्रह आहे त्यांना माझी विनंती एवढीच, की तो मोडीत काढण्यापूर्वी एक संध्याकाळ या चौकशीला द्यावी, आणि सुई उचलून पाहिल्याखेरीज कोणत्याही तबकडीविरुद्ध निकाल देऊ नये.