साठ दिवस

पंचगंगाकाठच्या गावांकडून, प्रशासनास.

हे निवेदन नाही. निवेदनं देऊन झाली.

हा इशारा आहे.

प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत पंचगंगा सुमारे 80 किलोमीटर वाहते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आपापल्या खोऱ्यांतलं पाणी तिच्यात आणून ओततात. डोंगरातून येतं ते पाणी चांगलं येतं. पुढे त्यात काय मिसळतं, ते तुम्हाला माहीत आहे. सांडपाणी आणणारा जयंती नाला माहीत आहे. दुधाळी नाला माहीत आहे. इचलकरंजीच्या खाली पाण्याचा रंग कसा असतो, तेही माहीत आहे.

तेव्हा माहिती द्यायला आम्ही आलेलो नाही.

लोकसहभाग हा शब्द तुमचा. नदी वाचवायची तर गावांची साथ हवी, असं तुम्ही म्हणालात. साथ दिली.

जलपर्णी काढायला बोलावलंत. आलो. आमच्या पोरांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ती दोरानं काठावर ओढली. त्यांच्या पायांची खाज आठवडाभर गेली नाही.

निर्माल्य वेगळं करा म्हणालात. केलं. गणपती नदीत सोडू नका म्हणालात. पिढ्यान् पिढ्यांची रीत होती, घराघरांत वाद झाले, तरी मूर्ती दान केल्या, काहिलीत विसर्जन केलं. देवाला आम्ही नदीपासून दूर ठेवलं. नाल्यांना दूर ठेवणं तुमचं काम होतं.

ते झालं नाही.

तेरवाडच्या बंधाऱ्यावर उन्हाळ्यात पहाटे येऊन उभे राहा. पाण्यातला प्राणवायू त्या वेळी सगळ्यांत कमी असतो. मासा वर येतो. तोंड उघडं ठेवून पाण्याच्या वरच्या थरात फिरत राहतो. ऊन चढेपर्यंत उलटा होतो. मग बंधाऱ्याच्या भिंतीला पांढऱ्या पोटांची रांग लागते. वास गावात शिरतो आणि दोन दिवस हटत नाही.

त्यानंतरचं सगळं आम्हाला पाठ आहे. पंचनामा होतो. नमुने जातात. बंधाऱ्याचे बरगे काढले जातात, आणि घाण पुढच्या गावाच्या हद्दीत जाते. वरून धरणाचं पाणी सोडलं जातं. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं ते रयतेची शेती भिजावी म्हणून. गटार पुढे ढकलायला नव्हे.

2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. माणसं गेली. तेव्हाही बैठका झाल्या. नदी दाराशी असून त्या शहराला कृष्णेवरून पाणी आणावं लागतं. पंचगंगेचं तेच पाणी आमच्या उसाला जातं, जनावरांच्या पुढ्यात जातं. नृसिंहवाडीला भाविक त्याच पाण्यात उतरतात.

आम्ही थांबलो. अधिकारी बदलले, आम्ही थांबलो. आराखडे आले, आम्ही थांबलो. निधीचं कारण ऐकलं, निविदेचं ऐकलं, आचारसंहितेचंही ऐकलं.

आता थांबणार नाही.

आमचं मागणं मोठं नाही. पाण्याचा नमुना घ्याल तो गावकऱ्यांसमोर घ्या. दोन बाटल्यांत घ्या, दुसरी सील करून गावाकडे द्या. राजाराम बंधाऱ्यावर पुराची पट्टी आहे. 43 फुटांना धोका, हे शाळेतलं पोरही सांगतं. तसाच फलक सांडपाण्याचा लावा. आज किती आलं, किती शुद्ध झालं, किती तसंच नदीत गेलं. रोज लिहा, आणि प्रत्येक बंधाऱ्यावर लिहा. सांडपाणी चोरून सोडणाऱ्याची वीज तोडण्याचा अधिकार कायद्यानं दिलेला आहे. तो वापरा.

नदीच्या समितीत आम्हाला सतरंजीवरची जागा नको. टेबलाशी हवी. कागदपत्रं आमच्याही हातात हवीत.

यासाठी साठ दिवस.

हा आकडा आम्ही मनानं काढलेला नाही. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यात 1988 साली दुरुस्ती झाली. साठ दिवसांची नोटीस देऊन थेट न्यायालयात तक्रार करण्याचा हक्क सामान्य माणसाला मिळाला. 2010 च्या हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यातही साठच दिवस आहेत. आम्ही दोन्ही कायदे वाचले आहेत.

एकसष्टाव्या दिवशी तक्रार दाखल होईल. ती एका गावाची नसेल. प्रत्येक गावाच्या ग्रामसभेचा ठराव तिला जोडलेला असेल. सोबत आमची नोंदवही असेल: तारीख, वेळ, ठिकाण, पाण्याचा रंग, फोटो, आणि त्या दिवशी कोणाला फोन केला, काय उत्तर मिळालं.

त्याच दिवसापासून तुमच्या कुठल्याही स्वच्छता मोहिमेत आमचा माणूस दिसणार नाही. उद्घाटनाला नाही, शपथेला नाही, फोटोला नाही. नाल्यांच्या तोंडाशी मात्र दिसेल. रात्रंदिवस, पाळ्या लावून. पाळ्यांची यादी तयार आहे. बाया रात्रीच्या पाळीला आहेत, कारण सांडपाणी रात्री सोडलं जातं.

कोणी हात उचलणार नाही, दगड उचलणार नाही. पण तिथून कोणी उठणारही नाही.

चर्चेला बोलावलंत तर येऊ. चर्चेच्या तारखेमुळे साठाचे एकसष्ट होणार नाहीत.

नोटीस पोस्टानं निघाली आहे. पोचपावतीवर तुमचा शिक्का ज्या तारखेचा पडेल, त्या तारखेपासून आमची मोजणी सुरू.