उष्णता ओळखणारे पॉलिमर

थंड पाण्यात विरघळून राहणारा, परंतु सुमारे 32 अंश सेल्सिअसच्या वर जाताच पाणी टाकून आकसणारा पॉली-एन-आयसोप्रोपिल अ‍ॅक्रिलअमाइड (नाव जिभेस जड, गुण मात्र विलक्षण!) वापरून जपानात तेरुओ ओकानो यांनी केवळ तापमान उतरवून संवर्धित पेशींचा अखंड थर अलगद सोडवून घेण्याची रीत सिद्ध केली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर व सहकाऱ्यांनीही अशा पॉलिमरच्या जेलांचा अभ्यास केला; तथापि सरकारदरबारी शोधनिबंधाची जेवढी कदर होते, तेवढी उपयोजनाची तजवीज होत नाही. सुईवाटे द्रवरूपाने शिरून देहोष्णतेने घट्ट होणारे आणि औषध सावकाश सोडणारे जेल भोर तालुक्यातील वरवे बुद्रुकच्या रुग्णासही लाभावे, यासाठी चाचण्यांच्या खर्चाची स्वतंत्र तरतूद राज्याच्या अंदाजपत्रकात व्हावी.