नागपूरच्या आधी गोंदिया

मोहल्ल्यातल्या एखाद्या पोराला अटक झाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "इथं काही होणार नाही, नागपूरला हायकोर्टात बघून घेऊ." वर्गणीही त्याच हिशेबाने जमते. गोंदियाच्या कोर्टासाठी मिळेल तो वकील, आणि मोठी फी नागपूरसाठी राखून. हा हिशेब उलटा आहे.

अपिलात खटला नव्याने चालत नाही. हायकोर्ट साक्षीपुरावा तपासतं, पण खालून आलेल्या कागदांवरच. जो प्रश्न साक्षीदाराला विचारलाच नाही, त्याचं उत्तर त्या कागदांत सापडणार कुठून?

शेजारच्या गडचिरोलीतला खटला आठवा. प्रा. जी. एन. साईबाबा आणि इतर पाच जणांना 2017 मध्ये शिक्षा झाली. 14 ऑक्टोबर 2022 रोजी नागपूर खंडपीठाने त्यांना सोडलं. कारण यूएपीएखाली खटला चालवायला लागणारी सरकारी मंजुरीच सदोष होती. दुसऱ्याच दिवशी, शनिवार असूनही, सुप्रीम कोर्ट बसलं आणि तो निकाल थांबवला. मंजुरीचा आक्षेप खटल्यातच घेतला नसेल तर काय, हा तिथला एक मुख्य प्रश्न होता. तो उगाच आलेला नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 465, म्हणजे आताच्या बीएनएसएसचं 511, हेच बघायला सांगतं: आक्षेप आधी घेता आला असता का? 5 मार्च 2024 रोजी हायकोर्टाने मंजुरी आणि पुरावा दोन्ही तपासून सगळ्यांना पुन्हा निर्दोष ठरवलं. पण मधले जवळपास सतरा महिने नव्वद टक्के अपंग असलेला माणूस तुरुंगातच होता. सुटल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते वारले.

म्हणून पैसा आणि माणसं आधी गोंदियात लावा, असं माझं म्हणणं आहे. पंचनामा खोटा वाटत असेल तर वकिलाने नुसतं तोंडी बोलून थांबू नये. आक्षेपाची नोंद मागावी, नाहीतर लेखी अर्ज द्यावा. अर्ज फेटाळला गेला तरी तो कागद फाईलमध्ये राहतो, आणि नागपूरला तोच कामाला येतो. मारहाण करून सही घेतली असेल तर ते मॅजिस्ट्रेटला पहिल्याच हजेरीत सांगायचं, शिक्षा झाल्यावर नाही.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा 15100 वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तोही नेमून घरी बसू नका. शिकलेल्या एका पोराने दर तारखेला वही घेऊन जावं आणि प्रत्येक साक्षीची नक्कल मागून घ्यावी.